पानांची सामाईक स्मृती
संकेतस्थळाचे एखादे पान मागितले, की सर्व्हर ते सिद्ध करून पाठवितो आणि मागणाऱ्यास विसरून जातो. एचटीटीपी या संकेतप्रणालीचा तो मूळ स्वभावच होय. मागणाऱ्याची ओळख टिकावी म्हणून १९९४ मध्ये लू मॉन्टुली यांनी नेटस्केपसाठी ‘कुकी’ योजिली. परंतु सर्वांनाच लागणारी माहिती, उदाहरणार्थ दरपत्रक किंवा भेटींची संख्या, कोठे ठेवावयाची? मायक्रोसॉफ्टच्या १९९६ मधील एएसपी प्रणालीत तिच्यासाठी ‘ॲप्लिकेशन’ हा सामाईक साठा होता. व्यक्तीपुरता ‘सेशन’ निराळा.

सोय मोठी, पण धोकाही तेथेच. संख्या १०० असताना दोन पाने एकाच क्षणी ती वाचतात, दोन्ही १०१ लिहितात, आणि एक भेट नाहीशी होते. म्हणून वाचण्यापूर्वीच साठ्यास कुलूप घालावे लागते. ते वेळेवर निघाले नाही, तर लिहू पाहणारी बाकीची पाने दारात तिष्ठत राहतात! शिवाय सर्व्हर पुन्हा सुरू होताच हा साठा पुसला जातो. सर्व्हर अनेक असले, तर प्रत्येकाचा साठा वेगळा. दरपत्रक पुन्हा वाचून घेता येते. हरवलेला पैशांचा व्यवहार तसा परत मिळत नाही. म्हणून तो डेटाबेसातच नोंदवितात.