टेक पॅकच्या रेघा : कात्री चालविण्यापूर्वी वाचावयाचा कागद

जरीच्या कारखान्यात खाका कोणाला समजावून सांगावा लागत नाही. बटर पेपरवर बेलबुट्टी काढायची, रेघेवरून सुईने भोके पाडायची, रॉकेलमध्ये कालवलेली खडूची नाहीतर निळीची भुकटी वरून फिरवायची. कागद उचलला की कापडावर ठिपक्यांची नक्षी उतरलेली असते. अड्ड्यावर बसलेला नवखा कारागीरसुद्धा कोणत्या ठिपक्यावर टिकली आणि कोठे दबका, हे मास्तरच्या एका शब्दावर ओळखतो. म्हणजे रेघ वाचण्याची कला आपल्या लोकांना परकी नाही. तरीही मदनपुरा, धारावी किंवा भिवंडीच्या शिलाई कारखान्यात एक्सपोर्टवाल्याचा टेक पॅक आला की तो बहुधा खिळ्याला अडकविला जातो आणि काम सॅम्पलचा कपडा पाहून अंदाजाने सुरू होते. या अंदाजाची किंमत आम्ही स्वतः मोजली आहे, म्हणून हा लेख.

काही वर्षांपूर्वी आम्ही ४०० लेडीज कुर्त्यांचे काम घेतले. कागदावर लांबी ३० इंच लिहिली होती. आमच्या मास्तरांनी आयुष्यभर केले तसेच केले : मानेजवळ खांद्याच्या उंच टोकावर टेप धरला आणि दामनपर्यंत ३० इंच मोजून कटिंग केले. पण आकड्यापुढे ‘सी.बी.’ अशी दोन अक्षरे होती. सी.बी. म्हणजे सेंटर बॅक, पाठीची मध्यरेषा. दुसऱ्या पानावर पाठीचे चित्र होते व त्यात मागच्या गळ्याच्या मध्यापासून खाली बाण काढलेला होता. ते पान कोणी उलटलेच नाही. मागचा गळा पाऊण इंच खोल असल्याने पाठीची लांबी सव्वाएकोणतीस भरली. फरक चालणार होता अर्धा इंच. पाव इंचासाठी सगळा माल परत आला. दामनची दुमड बारीक, उसवून वाढवावे तर आत कापड नाही. पुढे तो माल फुटकळ विकला, त्यात कापडाचे पैसेसुद्धा निघाले नाहीत. कारागिरांची मजुरी मात्र आम्ही त्याच जुम्याला चुकती केली. त्यांनी मास्तरांच्या मापाप्रमाणे बिनचूक शिवले होते, आणि मास्तरांना कागद वाचून दाखविणे हे आमचे काम होते.

टेक पॅकमध्ये प्रथम कपड्याचे सपाट चित्र असते, पुढचे आणि मागचे. त्यात अंगाचा डौल किंवा कापडाची झोळ दाखवीत नाहीत. कपडा टेबलावर पसरून वरून पाहिल्यासारखे ते चित्र असते. अखंड रेघ म्हणजे कपड्याची कड किंवा जोड. तुटक रेघ म्हणजे वरून दिसणारी शिलाई, जिला आपण दाब शिलाई म्हणतो. तुटक रेघ एक असेल तर एका सुईची, जवळजवळ दोन असतील तर दोन सुयांची. येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. आयटीआयमधून ड्राफ्ट्समन होऊन आलेला आमचा भाचा ही चित्रे पाहून म्हणाला, “मामू, ही तुटक रेघ म्हणजे आत लपलेली कड.” यंत्राच्या नकाशात तो अर्थ बरोबर आहे. कपड्याच्या चित्रात तुटक रेघ लपलेली नाही, उलट गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर येणारी शिलाई आहे.

म्हणून आमचा आग्रह असा की दर सांगण्यापूर्वी तुटक रेघा मोजाव्यात. प्रत्येक रेघ म्हणजे मशीनची एक फेरी, तिचा वेळ आणि तिचा दोरा. पुष्कळ ठेकेदार चित्रावर ओझरती नजर टाकून नगाचा दर बोलून जातात. मग खिशावर दोन, कफवर एक, पट्टीवर दोन अशा शिलाया निघतात आणि तूट शेवटी कारागिराच्या मजुरीतून काढली जाते. चित्राच्या बाजूला बाण काढून लिहिलेल्या बारीक नोंदीही दराच्या दृष्टीने तितक्याच महत्त्वाच्या आहेत. ‘फ्रेंच सीम’ असे लिहिले असेल, तर जोड आधी सुलट बाजूने शिवून, छाटून, उलटवून पुन्हा शिवायचा असतो. म्हणजे एका जोडाला दोन शिलाया, आणि चित्रात त्यांची एकही तुटक रेघ दिसत नाही.

डावे-उजवे यातही फसगत होते. कागदावर ‘लेफ्ट’ म्हणजे कपडा घालणाऱ्याची डावी बाजू. समोरून काढलेल्या चित्रात ती आपल्या उजव्या हाताला दिसते.

आता मापांची अक्षरे. एच.पी.एस. म्हणजे खांद्याचे मानेजवळचे उंच टोक, जेथून आमच्या मास्तरांनी टेप धरला ते. सी.एफ. म्हणजे पुढची मध्यरेषा. ‘हाफ चेस्ट २१’ असेल तर कपडा पसरून बगलेपासून बगलेपर्यंत २१, म्हणजे पूर्ण घेर ४२. हे माप पुष्कळदा मुंढ्याच्या एक इंच खाली घेतात. किती खाली, ते कागदावर पाहावे. बाहीची लांबी कोणी खांद्याच्या जोडापासून धरतो, कोणी मागच्या गळ्याच्या मध्यापासून. दोन्हींत सहा-आठ इंचांचा फरक पडतो, त्यामुळे ही चूक लगेच पकडली जाते. खरा धोका पाऊण इंचाच्या चुकीत असतो.

आम्ही उर्दू शाळेत भूमिती शिकलो तेव्हा सरळ रेषेला खते मुस्तकीम, कोनाला जाविया आणि त्रिकोणाला मुसल्लस म्हणत होतो. बाजारात आल्यावर तेच मराठीत आणि पुढे इंग्रजीत ऐकले. वस्तू तीच होती. टेक पॅकचेही तसेच आहे. आर्महोल म्हणजे आपला मुंढा, अॅक्रॉस शोल्डर म्हणजे तीरा, साइड स्लिट म्हणजे चाक, हेम म्हणजे दामन, बॉटम ओपनिंग म्हणजे मोहरी. गसेट म्हणजे बगलेतला चौबगला, जो आपल्या कुर्त्यात बापजाद्यांपासून चालत आला आहे. राइज म्हणजे आसन. मात्र येथे सावध राहावे. आपला शिंपी आसन एकच सांगतो, कागदावर पुढचे आणि मागचे राइज वेगवेगळे असते आणि मागचे मोठे असते. सलवारीच्या नेफ्यात इलॅस्टिक असेल तर कमरेची दोन मापे दिलेली असतात, एक सैल ठेवून आणि एक पूर्ण ताणून. ताणलेले माप कमी भरले तर सलवार कमरेवरून चढणार नाही.

टाक्यांना जगभर आकडे दिलेले आहेत आणि त्यांत भीती बाळगण्यासारखे काही नाही. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या ४९१५ क्रमांकाच्या मानकात १०० ते ६०० असे सहा वर्ग आहेत. ३०१ म्हणजे आपल्या साध्या मशीनचा टाका, जो वरून आणि खालून सारखा दिसतो. ४०१ हा दोन दोऱ्यांचा साखळी टाका, जीन्ससारख्या कपड्यात असतो. ५०४ म्हणजे तीन दोऱ्यांचा ओव्हरलॉक. ४०६ म्हणजे टी-शर्टच्या खालच्या दुमडीवर असतो तो, वरून दोन सरळ रेघा आणि खालून जाळी. २०० चा वर्ग हाताच्या टाक्यांवरून आला आहे, ज्यांत आपले बखियावाले उस्ताद आहेत. आकड्याच्या पुढे एस.पी.आय. लिहिलेले असते, म्हणजे एका इंचात किती टाके. शर्टाला साधारण १२ ते १४ मागतात, जाड डेनिमला त्याहून कमी. कागद सेंटिमीटरमध्ये असेल आणि ५ लिहिले असेल तर ते इंचाला सुमारे साडेबारा होतात. पाच वाचून इंचाला पाच टाके घालणारा कारखाना आम्ही पाहिलेला आहे.

टॉलरन्स म्हणजे चालणारा फरक. ‘अर्धा इंच अधिक-उणे’ याचा अर्थ काही व्यापारी असा घेतात की सगळा माल अर्धा इंच आखूड कापावा आणि कापड वाचवावे. हे गैर आहे. ही सूट हाताच्या चुकीसाठी दिलेली असते, कापड मारण्यासाठी नव्हे. मापात कमी देणाऱ्यांविषयी सूरह मुतफ्फिफीनमध्ये काय इशारा आहे, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. आणि निव्वळ धंद्याच्या दृष्टीनेही, कटिंगच अर्धा इंच उणे धरले तर शिलाईत जरा ओढले गेले की नग सुटीबाहेर गेलाच.

पॅटर्नच्या कागदावर दोन्ही टोकांना बाण असलेली रेघ ही ग्रेन लाइन. ती कापडाच्या किनारीला समांतर, म्हणजे ताण्याच्या दिशेने ठेवायची. मालेगावच्या विणकर बांधवांना ताणा-बाणा शिकविण्याचे धाडस आम्ही करणार नाही, परंतु कटिंग टेबलावर कापड वाचविण्याच्या नादात हीच रेघ तिरपी होते आणि धुतल्यावर पायजम्याची शिलाई पुढे फिरून येते. बाणाचे टोक एकाच बाजूला असेल तर सगळे तुकडे एकाच दिशेने लावावेत. मखमलीत हे चुकले की एकाच शेरवानीचे दोन पल्ले दोन छटांचे दिसतात. कडेची छोटी खूण म्हणजे नॉच, दोन तुकडे जुळविण्याची जागा. माया धरलेली आहे की वेगळी सोडायची आहे, हे विचारून घ्यावे, कारण दोन्ही प्रकारचे पॅटर्न बाजारात येतात.

हल्ली हे कागद मोबाईलवर पी.डी.एफ. होऊन येतात आणि लहान पडद्यावर बाण व अक्षरे सुटून जातात. दहा-वीस रुपयांत सर्व पाने छापून घ्यावीत, मास्तरला समोर बसवून एकेक बाण वाचावा, जे कळले नाही त्यावर लाल पेन्सिलीने गोल करून पार्टीला लेखी विचारावे. विचारल्याने अडाणी ठरू, ही भीती आम्हालाही होती. त्यानंतर एक नग शिवून, मापून, पार्टीची सही घेतल्याशिवाय थानाला कात्री लावू नये. नग मापताना टेपकडेही पाहावे. कापडी टेप वर्षभरात ताणला जातो. आम्ही तो दर दोन-तीन महिन्यांनी स्टीलच्या पट्टीशी लावून पाहतो आणि फरक दिसला की त्याच दिवशी टाकून देतो.