सहलींतील बाकावरचें माणूस

दिवाळीची सुट्टी जवळ येऊं लागली कीं हल्लीं घरोघर एकाच विषयाची चर्चा सुरू होते. मामाच्या गांवची विहीर आणि आत्याकडील आमराई एवढ्यावर मुलांची आतां तृप्ति होत नाहीं. शाळेंतील कोणी सोबती आकाशांत फिरणाऱ्या गाड्यांचें आणि कृत्रिम नगरांचें वर्णन करतो, आणि मग 'थीम पार्क'ला जावयाचेंच असा हट्ट घरांत शिरतो. बारा-चौदा माणसांच्या एकत्र कुटुंबांत हा बेत निघतांच कर्त्या पुरुषाच्या कपाळाला आठ्या पडाव्या हें स्वाभाविक आहे. त्याच्यापुढें दोन प्रश्न असतात. एक, हा खर्च झेपेल कसा? आणि दुसरा, इतका खर्च करून सर्वांनाच आनंद होईल काय? आमच्या मतें दुसरा प्रश्न पहिल्याहून मोठा आहे, आणि तो नीट सोडविला तर पहिलाहि बराचसा सुटतो.

उद्यानांत जाऊन दिवस घालविण्याची कल्पना आपल्याकडे नवी नव्हे. वात्स्यायनानें नागरकाच्या दिनक्रमांत व करमणुकींत उद्यानगमनाला स्थान दिलें आहे. परंतु तो विलासी पुरुषांचा प्रकार होता. आजी, सून, नातवंडें यांची गणना त्यांत नव्हती. युरोपांत कोपनहेगन येथें १८४३ सालीं तिवोली नांवाचें करमणुकीचें उद्यान सुरू झालें, तें आजतागायत चालू आहे. मात्र आज ज्यांस आपण थीम पार्क म्हणतों त्यांची कल्पना रुजविली ती वॉल्ट डिस्ने या अमेरिकन चित्रपटकारानें. त्यानें स्वतः सांगितलेली हकीकत अशी कीं, आपल्या दोन मुलींना तो लॉस एंजेलिस येथील ग्रिफिथ पार्कमध्यें लाकडी घोड्यांच्या चक्रावर बसविण्यास नेत असे. मुली चक्रावर फिरत आणि बाप शेंगा खात बाकावर बसून राही. आईबापांना व मुलांना एकत्र आनंद घेतां येईल असें एखादें स्थळ कां नसावें, असा विचार त्याच्या मनांत तेथें आला. १७ जुलै १९५५ रोजीं कॅलिफोर्नियांतील ॲनाहाइम येथें डिस्नेलँड उघडलें, त्याच्या मुळाशीं हा बाक आहे.

वाचकांनीं हा बाक ध्यानांत ठेवावा. आपल्या घरच्या सहलींतहि असा एक बाक असतोच. भेद इतकाच कीं त्यावर बाप क्वचितच बसतो. त्यावर बसते घरची थोरली सून. निघण्याच्या दिवशीं ती पहांटे चारला उठून पुऱ्या तळते, गाडींत सर्वांना वाढते, उद्यानांत पोंचल्यावर दहा पिशव्या, चार पाण्याच्या बाटल्या आणि एक निजलेलें मूल सांभाळीत सावली धरून बसते, आणि घरीं परत आल्यावर दोन दिवस कपडे धूत असते. तिच्या शेजारीं आजी असतात. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून त्यांना कोणी कांहीं विचारीत नाहीं. तिकीट मात्र दोघींचें पुरें काढलेलें असतें. पैसा वाया जातो तो येथें. ज्या माणसानें कांहींच पाहिलें नाहीं त्याचें तिकीट हें सर्वांत महाग तिकीट होय. म्हणून सहलीचा बेत आंखतांना आधीं विचारावयाचें तें हें कीं, बाकावर कोण बसणार आणि किती वेळ?

आतां हिंगोलीकरांनीं जावें कोठें? आपल्या देशांत असलीं उद्यानें कांहीं झालीं व कांहीं मिटलीं. दिल्लीचें अप्पू घर १९८४ सालीं निघालें आणि २००८ सालीं बंद पडलें. मुंबईजवळ गोराई येथील एस्सेल वर्ल्ड १९८९ पासून महाराष्ट्रांतील मुलांचें स्वप्न होतें. तेंहि २०२२ सालीं बंद झालें. खोपोलीजवळ २०१३ सालीं इमॅजिका सुरू झालें, परंतु आपल्या जिल्ह्यांतून तें फार दूर पडतें. आपणांस सोयीचें आहे तें हैदराबाद. सप्टेंबर १९४८ पर्यंत हिंगोली निजामाच्या राज्यांतच होती, आणि हैदराबादेंत सुलतान बाजार, काचीगुडा या भागांतून मराठी वस्ती जुनी आहे, हें वाचकांस सांगावयास नको. हिंगोली डेक्कन स्टेशन पूर्णा-अकोला लोहमार्गावर आहे. तो मार्ग रुंद झाल्यापासून नांदेड-निजामाबादवरून काचीगुड्यापर्यंत गाडी न बदलतां जातां येतें. तेथून सुमारें तीस किलोमीटरवर, विजयवाड्याच्या रस्त्याला, १९९६ सालीं रामोजी राव यांनीं उभारलेली रामोजी फिल्म सिटी आहे. सुमारें १६६६ एकरांचा हा परिसर जगांतील सर्वांत मोठें चित्रपट-निर्मितीस्थान म्हणून गिनीज बुकांत नोंदला गेला आहे.

एकत्र कुटुंबाच्या दृष्टीनें या स्थळाचा एक विशेष असा कीं, तेथील बराचसा भाग बसमध्यें बसून पाहावयाचा आहे. खोटें रेल्वे स्टेशन, खोटा विमानतळ, राजवाडे, परदेशी थाटाचे रस्ते, बागा, पक्ष्यांचें उद्यान, 'बाहुबली' चित्रपटासाठीं उभारलेलें नगर, असें पुष्कळ कांहीं आहे. मुलांसाठीं पाळणे व चक्रें आहेत, आणि ज्यांना तीं नकोत त्यांनाहि पाहण्यासारखें दिवसभर पुरेल इतकें आहे. केवळ उंच झोके व पाण्याच्या घसरगुंड्या असलेलें उद्यान तरुणांना आवडेल. तेथें आजीचा बाक ठरलेलाच.

वेळ कोणती निवडावी? मे महिन्यांतील हैदराबादचें ऊन लहानांना व वृद्धांना सोसणार नाहीं. आमची सूचना अशी कीं भाऊबीज आटोपल्यावर, आठवड्याच्या मधल्या दिवशीं, म्हणजे मंगळवार ते गुरुवार या अवधींत, उद्यानाचा दिवस ठेवावा. तेलंगणांत शाळांची मोठी सुट्टी बतुकम्मा व दसरा यांसाठीं असते. दिवाळीची सुट्टी तेथें थोडकीच. आपल्या मुलांना सुट्टी आणि तेथील मुलें शाळेंत, असे हे दिवस असल्यामुळें स्थानिक गर्दी कमी असते. गर्दी कमी म्हणजे रांगा लहान. आणि रांगेंत गेलेला तास हा देखील तिकिटाच्या पैशांतूनच गेलेला असतो.

तत्पूर्वीं एक रंगीत तालीम आपल्या गांवींच करून घ्यावी. हिंगोलीच्या रामलीला मैदानावर दसऱ्याला जें प्रदर्शन भरतें त्याची परंपरा दीडशेंहून अधिक वर्षांची आहे. तेथील पाळण्यांत मुलांना बसवून पाहावें. कोणाला चक्कर येते, कोण रडतें, कोण पुन्हां पुन्हां बसावयास मागतें, हें थोड्या पैशांत कळतें. आजींना तासभर चालवतें किंवा नाहीं याचाहि अंदाज येतो.

आतां प्रवासाविषयीं. रेल्वेचें आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या साठ दिवस आधीं खुलें होतें. दिवाळीनंतरच्या प्रवासासाठीं, गणपती बसले कीं तिकिटें काढावयाची वेळ झाली असें समजावें. पांच वर्षांखालील मुलास, स्वतंत्र शायिका न घेतल्यास, भाडें पडत नाहीं; पांच ते बारा वर्षांच्या मुलास शायिका न घेतल्यास अर्धें, घेतल्यास पूर्ण भाडें पडतें. वृद्धांना रेल्वेच्या भाड्यांत पूर्वीं मिळणारी सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती हिशेबांत धरूं नये. मात्र साठीपुढील पुरुष व पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांस शिल्लक असल्यास खालची शायिका देण्याचा नियम आहे. खेड्यांतून हिंगोलीस किंवा नांदेडास एस. टी. नें यावयाचें असेल तर मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना अर्धें तिकीट आहे. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या वृद्धांना अर्धें, आणि पंचाहत्तरीपुढें तिकीटच नाहीं. यासाठीं आधार कार्ड जवळ बाळगावें.

मुक्काम तीन दिवसांचा असावा, आणि त्यांत महाग दिवस एकच असावा. हें काटकसरीचें मुख्य सूत्र होय. रामोजीच्या दिवशीं तिकीट, भोजन, वाहन असा सर्व खर्च एकदम होतो. उरलेले दोन दिवस थोडक्या पैशांत भागवावे. सालारजंग संग्रहालयांत बुरखा पांघरलेल्या रिबेकेचा संगमरवरी पुतळा आहे, आणि दर तासाला जिच्यांतून लहानसा मनुष्य बाहेर येऊन ठोके देतो तें घड्याळ पाहण्यासाठीं मुलें वेळेआधींच जमतात. हें संग्रहालय शुक्रवारीं बंद असतें. नेहरू प्राणिसंग्रहालय सोमवारीं बंद असतें. हे वार लक्षांत न घेतां निघालेल्या मंडळींना दारावरून परत फिरावें लागतें.

उतरावयाचें कोठें, हा नाजूक विषय आहे. हैदराबादेंत आपले आप्त असतात, आणि त्यांच्याकडे उतरल्यास पैसे वांचतात, हें खरें. परंतु चौदा माणसें चार खोल्यांच्या घरीं जाऊन उतरलीं म्हणजे आपल्या घरचा बाक आपण त्यांच्या सुनेच्या वाट्याला देतों. धर्मशाळा किंवा साधें भक्तनिवास घ्यावें, आणि आप्तांकडे एक संध्याकाळ भेटीसाठीं, फळें व दिवाळीचा फराळ घेऊन जावें. त्यांनाहि आनंद, आपलेंहि नातें टिकतें.

खर्चाचा अंदाज निघण्यापूर्वीं तीन महिने एका वहींत लिहावा: प्रवास, मुक्काम, उद्यानाचें तिकीट, जेवण, शहरांतील वाहन, मुलांची खरेदी, आणि आजारपणासाठीं राखीव. तिकिटांचे दर वेळोवेळीं बदलतात, म्हणून ते उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच पाहावे. मुलांचा दर वयावर आहे कीं उंचीवर, तेंहि तेथें पाहावें. वही घरांतील दहावीच्या विद्यार्थ्याकडे सोंपवावी. व्यवहारी गणिताचा याहून चांगला धडा नाहीं. खरेदीसाठीं प्रत्येक मुलाच्या हातांत ठराविक रक्कम द्यावी, व ती संपली म्हणजे संपली असें आधींच सांगावें. आणि कर्ज काढून किंवा क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर सहल मुळींच करूं नये. वर्षभर दरमहा थोडी रक्कम बाजूला टाकावी. ती पुरी झाली नाहीं तर यंदा दसऱ्याचें प्रदर्शन व औंढ्याचें दर्शन करावें, आणि हैदराबाद पुढील वर्षीं. वाट पाहण्यांतहि मुलांना एक शिकवण आहे.

आतां बाकाचा उपाय. शाळेच्या सहली नेतांना आम्ही एक पद्धत ठेवीत असूं, ती घरींहि चालते. मंडळींच्या दोन तुकड्या कराव्या आणि पिशव्या सांभाळण्याची पाळी दोन-दोन तासांनीं बदलावी. पाळीचा कागद घरींच लिहून काढावा, आणि त्यांत पहिली पाळी घरच्या कर्त्या पुरुषांची असावी. लहान मूल त्या पाळीवाल्यांकडेच राहील. पिशव्याहि कमी न्याव्या. बहुतेक उद्यानांत बाहेरचे खाद्यपदार्थ आंत नेऊं देत नाहींत, मग डबे वाहून न्यावयाचे कशाला? गाडींतील शिदोरी मात्र घरची असावी: धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी. परंतु तीहि एकीनें करूं नये. मुलांनीं शेंगा सोलाव्या, पुरुषांनीं भाजाव्या, सर्वांनीं मिळून बांधावें. परतल्यावर पहिल्या रात्रीं चूल पुरुषांनीं सांभाळावी. पिठलें-भात कोणासहि येतो.

सुरक्षिततेविषयीं दोन शब्द. कालिदासाच्या मालविकाग्निमित्रांत विदूषकाच्या चापल्यामुळें राणी धारिणी झोपाळ्यावरून पडते व तिचा पाय दुखावतो. नाटकाचें पुढील कथानक त्या दुखावलेल्या पायामुळेंच घडतें. नाटकांत तें शोभतें, सहलींत नव्हे. पाळण्याजवळ लिहिलेले उंचीचे व प्रकृतीचे नियम शब्दशः पाळावे. हृदयविकार, पाठीचें दुखणें असलेल्यांनीं व गर्भवती स्त्रियांनीं वेगवान चक्रांत बसूं नये. पदर, ओढणी व मोकळे केस आवरून बसावें. प्रत्येक मुलाच्या खिशांत घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी, आणि चुकामूक झाल्यास कोठें भेटावयाचें तें स्थळ आंत शिरतांच सर्वांना दाखवावें.

शेवटीं आजींविषयीं. "त्यांना काय, त्या बसतील" असें गृहीत धरूं नये. त्यांना विचारावें. कदाचित् त्या म्हणतील, "मी घरींच बरी". तर त्यांच्या सोबतीची व जेवणाची व्यवस्था करून मगच निघावें. कदाचित् त्या येण्यास तयार होतील. तर चाकांच्या खुर्चीची सोय आहे काय हें आधीं विचारून ठेवावें, आणि स्वच्छतागृहें कोठें आहेत तें प्रथम पाहून घ्यावें. आणि कदाचित् लाकडी घोड्यावर बसण्याची इच्छा त्यांच्या मनांत साठ वर्षें असेल. ती कोणी विचारल्याखेरीज त्या सांगणार नाहींत.

सहल संपल्यावर वहींतील जमाखर्च जुळला म्हणजे कर्त्या पुरुषाचें समाधान होतें. त्याच वहीच्या शेवटच्या पानावर घरांतील प्रत्येकानें, आपणांस काय आवडलें तें एका ओळींत लिहावें. चौदा माणसांच्या चौदा ओळी भरल्या तर सहल स्वस्त पडली असें समजावें. एखादी ओळ कोरी राहिली, तर पुढील वर्षींचा बेत त्या माणसास विचारून आंखावा.