ऑक्सिजन लावला, पण पोचतो का?



घरातले माणूस अत्यवस्थ झाले, दवाखान्यात नेले आणि नाकाला नळी लागली, की आपण म्हणतो, "ऑक्सिजन लावलाय, आता काळजी नाही." पण नळी लागणे वेगळे आणि ऑक्सिजन पोचणे वेगळे. म्हणून या अंकात त्याबद्दल चार गोष्टी सांगण्याचे आम्ही योजले आहे.

२१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टँकरमधून टाकी भरतेवेळी गळती झाली. आवारात पांढरे ढग पसरले, आणि आत वॉर्डात मात्र नळातला दाब घसरला. त्या दुर्घटनेत किमान २२ रुग्ण दगावले. ऑक्सिजन संपला नव्हता, तो वाटेत सांडला होता.

मोठ्या रुग्णालयात ऑक्सिजन उणे १८३ अंशांच्या आसपास द्रवरूपात ठेवतात. त्याचा वायू करून साधारण ४ किलो दाबाने तो खाटेपर्यंत नेतात. आपल्या बॉयलरचा दाब उतरला की टर्बाइन मंदावते, तसाच प्रकार इथेही होतो. झडप, जोड, रेग्युलेटर, नळी यांतले एकही बिघडले तर भरलेली टाकी असून नसल्यासारखी.

आता सिलिंडरचा हिशेब पाहू. मोठ्या भरलेल्या सिलिंडरात साधारण ७,००० लिटर वायू असतो. मिनिटाला १० लिटर लावला तर तो साडेअकरा तास पुरेल. म्हणजे रात्री आठला लावलेले सिलिंडर सकाळी आठच्या आतच रिकामे होते. लहान सिलिंडरात सुमारे १,५०० लिटर, म्हणजे त्याच वेगाने अडीच तास. गेजचा काटा निम्म्यावर आला की वेळही निम्मीच उरली. रुग्णाला रुग्णवाहिकेतून शहरात हलवायचे असेल तेव्हा निघण्याआधीच काटा बघा आणि जादा सिलिंडर आहे का ते विचारा.

दुसरा धोका वायूच्या अदलाबदलीचा. आपल्या देशात वैद्यकीय ऑक्सिजनच्या सिलिंडरचे अंग काळे व खांदा पांढरा असतो. भूल देताना वापरायच्या नायट्रस ऑक्साइडचे निळे असते. लहान सिलिंडरांना चुकीचा वायू जोडता येऊ नये म्हणून खुंट्या आणि भोके ठरलेल्या जागी असतात. खुंटी मोडलेली असेल किंवा जादा वॉशर घालून जोड ठोकून बसवला असेल, तर ही सोयच निकामी होते. तेव्हा "बसत नाही" म्हणून कुणी जबरदस्ती करू नये.

घरी वापरायचे कॉन्सन्ट्रेटर हवेतला नायट्रोजन शोषून घेते व सुमारे ९३ टक्के ऑक्सिजन देते. फिल्टर तुंबला किंवा आतला शोषक पदार्थ खराब झाला, तरी नळीतून वारा येतच राहतो, ऑक्सिजन मात्र कमी होतो. हाताला वारा लागला म्हणून समाधान मानू नका. यंत्राचा इशाऱ्याचा दिवा पेटला की दुरुस्ती करणाऱ्याला बोलवा. वीज जाणारच, हे धरून शेजारी भरलेले सिलिंडर ठेवा.

आणखी एक. आपल्या वर्कशॉपमधल्या गॅसकटिंगवाल्याला विचारा, तो ऑक्सिजनच्या झडपेला कधी तेल-ग्रीस लावतो का? कानाला हात लावील! दाबाखालच्या ऑक्सिजनात तेलाचा थेंबही पेट घेऊ शकतो. झडप घट्ट झाली म्हणून खोबरेल सोडू नका, रुग्णाजवळ बिडी ओढू नका, देवघरातला दिवा दूर ठेवा. सिलिंडर साखळीने बांधलेले असावे.

२०२१ मध्ये टंचाई पडली तेव्हा आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या धाराशिव शुगरने इथेनॉल प्रकल्पात फेरबदल करून ऑक्सिजन तयार केला. साखर धंद्याला याचा अभिमान वाटलाच पाहिजे. परंतु तयार केलेला वायू शेवटच्या माणसापर्यंत पोचविणे हे तितकेच मोठे काम आहे.

रुग्णाजवळ बसणाऱ्याने वाल्व पिळत बसू नये. मात्र गेजचा काटा, फ्लोमीटरमधली गोळी, दुमडलेली नळी आणि रुग्णाचे ओठ यांवर नजर ठेवावी. गोळी खाली बसली, ओठ निळसर दिसले, सूंऽऽ असा आवाज आला, तर लगेच सिस्टरांना हाक मारा. रात्रीचे दोन वाजले असले तरी संकोच करू नका.