मुख्य स्विच कुठे आहे?

पहाटे तीनचा सुमार. चौथ्या मजल्यावरील जलवाहिनी फुटते आणि जिन्यावरून ओघळणारे पाणी तळमजल्यावरच्या मीटर रूमकडे सरकू लागते. रखवालदार धावत जाऊन पंप बंद करतो, तरी पाणी थांबत नाही. गच्चीवर एकसारखे दिसणारे आठ व्हॉल्व. कोणता कोणत्या लाइनचा, हे फक्त प्लंबरला ठाऊक आणि त्याचा फोन लागत नाही. मुंबई-पुण्यातील कोणत्याही गृहनिर्माण संस्थेत घडू शकेल असा हा प्रसंग. पंप केवळ तळाच्या टाकीतील पाणी वर चढवतो, घरांत येते ते गच्चीवरच्या टाकीतले पाणी, एवढी साधी गोष्टही अशा वेळी आठवत नाही.

पाणी, वीज आणि गॅस यांचा पुरवठा तातडीने तोडण्याची जबाबदारी प्रथम येते ती संस्थेच्या व्यवस्थापकावर. मात्र 'सगळेच बंद करा' हे त्याचे उत्तर नव्हे. प्रत्येक संकटात बंद करण्याचा क्रम निराळा असतो.

क्रम चुकला तर...

गॅसचा वास आला की अनेकांचा हात प्रथम विजेच्या बटणाकडे जातो. हीच सर्वांत मोठी चूक. बटण चालू करताना जशी ठिणगी पडते, तशीच ते बंद करतानाही पडू शकते. म्हणून गॅस साचलेल्या जागेतील एकाही बटणाला हात न लावता, दारावरची घंटाही न वाजवता, आधी गॅसचा व्हॉल्व बंद करावा आणि दारे-खिडक्या उघडाव्यात. नळाने येणारा गॅस हवेपेक्षा हलका असल्याने वर चढतो, तर सिलिंडरचा गॅस जड असल्याने जमिनीलगत, गटारात किंवा तळघरात साचतो. फोनही बाहेर पडल्यावरच करावा. अग्निशमन दलासाठी १०१, तर सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे.

आगीत मात्र वीज प्रथम तोडावी लागते. तेथेही एक भान हवे. आग विझवण्याच्या पंपाची जोडणी स्वतंत्र असायला हवी. ती तशी नसेल, तर मुख्य स्विच खाली ओढताच पंपही बंद पडेल. आपल्या इमारतीत जोडणी कशी आहे, हे आगीच्या वेळी नव्हे, आजच पाहून ठेवावे.

पुराची गोष्ट आणखी वेगळी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि अनेक इमारतींच्या तळमजल्यांवरील मीटर रूम पाण्याखाली गेल्या. पाणी वाढण्याची चिन्हे दिसताच लिफ्ट रिकामी करून वरच्या मजल्यावर नेऊन बंद करावी आणि मीटर रूम कोरडी असतानाच वीज तोडावी. पाणी एकदा आत शिरले, की स्विचपर्यंत कोणीही जाऊ नये. वीज कंपनीला कळवून पुरवठा बाहेरूनच तोडायला सांगावे. एका स्विचसाठी रखवालदाराचा जीव पणाला लावण्याचा अधिकार कोणालाही नाही.

सुरू करतानाची जोखीम

बंद करण्यापेक्षा पुन्हा सुरू करणे अधिक धोक्याचे असते. गॅस बंद झाला तेव्हा एखाद्या घरात शेगडी पेटलेली असेल आणि तिची कळ तशीच राहिली असेल, तर पुरवठा सुरू होताच न जळलेला गॅस स्वयंपाकघरात पसरेल. म्हणून प्रत्येक घराची खात्री झाल्यावर, कंपनीच्या माणसांकडूनच मुख्य व्हॉल्व उघडून घ्यावा. भिजलेली मीटर रूम तपासून घेतल्याशिवाय वीज जोडू नये. तळाच्या टाकीत पुराचे पाणी गेले असल्यास ती उपसून, धुऊन, निर्जंतुक केल्यावरच पंप चालवावा. स्विच कोणी बंद केला आणि कोणाच्या परवानगीने उघडायचा, याची पाटी तेथेच लावलेली बरी.

तयारी शांततेच्या काळातली

प्रत्येक व्हॉल्वला क्रमांक आणि रंग द्यावा, त्यांचा नकाशा रखवालदाराच्या चौकीत लावावा, गच्चीची आणि मीटर रूमची किल्ली तेथेच ठेवावी. वर्षानुवर्षे न फिरवलेला व्हॉल्व ऐनवेळी हलत नाही. म्हणून तो सहा महिन्यांतून एकदा फिरवून पाहावा. कलती दांडी असलेल्या व्हॉल्वची खूण सोपी आहे. दांडी नळाला समांतर असेल तर तो उघडा, आडवी असेल तर बंद. घरी प्राणवायूच्या यंत्रावर असलेल्या रुग्णांची यादीही हाताशी हवी, कारण वीज तोडताच पहिली हाक त्यांच्या दारी द्यायची असते.

महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार इमारतीतील अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. त्याच दिवशी व्हॉल्व आणि स्विच यांचीही तालीम घेतली, तर वेगळा मुहूर्त शोधावा लागणार नाही. या तालमीत रात्रपाळीचा रखवालदार हवाच. कारण पहाटे तीन वाजता सचिव झोपलेले असतात; जागा असतो तो एकटा तोच.