घरांतील समुद्र आणि खडकावरील गुलाबी शेवाळ

आमच्या बिऱ्हाडांत समुद्र आला तो २०२२ सालच्या दिवाळींत. थोरल्या बंधूंच्या चिरंजीवांनीं पहिल्या पगारांतून दोनशें लिटरांची कांचेची टांकी आणली, विकत मिळणारें समुद्री मीठ शुद्ध पाण्यांत कालवून ती भरली, दोन विदूषक मासे सोडले व मध्यभागीं खडकांची रास रचली. ज्या चित्रांवर भाळून हा खटाटोप केला त्यांतले खडक गुलाबी-जांभळे होते. आमचे मात्र पांढरेफटक, नुकत्याच फोडलेल्या चुनखडीसारखे. पहिल्या महिन्यांत त्यांवर तपकिरी मळ धरला, पुढें हिरवे केंस आले. गुलाबी रंगाचें नांव नाहीं. मे महिन्यांत चिरंजीवांचा धीर सुटला आणि टांकी विकावयाची भाषा सुरू झाली. ती विकली गेली नाहीं. तें कसें टळलें हें सांगण्याजोगें आहे. कारण ज्या चुका आम्ही केल्या, त्याच पुष्कळ घरीं होत असतील असें वाटतें.

हा गुलाबी रंग खडकाचा नव्हे. तें एक शेवाळ आहे. लाल शेवाळांच्या वर्गांतील हें कोरलाइन शेवाळ आपल्या पेशींच्या भिंतींत चुना भरीत जातें, म्हणून तें बोटाला दगडासारखें लागतें. लिनियससारख्या पंडितानें १७५८ सालीं या कुळास प्राण्यांच्या पंक्तीस बसविलें होतें. त्यांतील दगडासारखे थर धरणारे प्रकार वनस्पतिच होत, असा निर्णय जर्मन निसर्गशास्त्रज्ञ फिलिपी यांनीं १८३७ त दिला. समुद्रांत याचें काम गवंड्याचें आहे. प्रवाळाचे सुटे तुकडे हें आपल्या थरानें सांधतें, आणि कित्येक जातींच्या प्रवाळांचीं पोहतीं पिलें बूड टेकण्यासाठीं याचाच पृष्ठभाग शोधीत येतात. घरच्या टांकींत याचा लाभ लहान, पण खरा आहे. ज्या जागीं हें पसरलें तेथें केसाळ शेवाळाला सहसा ठाण मांडतां येत नाहीं. शिवाय पाण्याची प्रकृति बिघडूं लागली कीं याचा रंग आधीं उतरतो.

प्रथम आमचें अज्ञान सांगतों. आमची समजूत अशी कीं खडक पाण्यांत राहिला म्हणजे तो आपोआप रंगतो. कोरड्या खडकावर बीज कोठून येणार? परदेशीं पूर्वी समुद्रांतून उचललेले जिवंत खडक टांकींत घालीत, त्यांबरोबर हें शेवाळ येई. आपल्याकडे तो मार्ग नाहीं, व नसावाही. खडक बांधणाऱ्या प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत २००१ पासून स्थान आहे. मालवणच्या समुद्रांत प्रवाळ आहेत म्हणून तेथून सहलीला गेलेल्यानें एखादा तुकडा खिशांत घालून आणावा, हें कायद्यानें गुन्हा आणि विवेकानेंही गैर. चिरंजीवांच्या एका मित्राच्या टांकींत हें शेवाळ कांचेवर दाट वाढलें होतें. त्यानें २०२२ च्या डिसेंबरांत कांच खरवडून निघालेला चुरा एका बाटलींत दिला, आणि जिची पाठ गुलाबी झाली आहे अशी एक समुद्री गोगलगाय दिली. पाणी गाळणारें यंत्र तासभर बंद ठेवून तो चुरा आम्ही खडकांवर सोडला. बीज पोचविण्यास याहून सोपा उपाय नाहीं.

मार्चमध्यें खडकाच्या सावलीच्या बाजूस टाचणीच्या डोक्याएवढे गुलाबी ठिपके दिसले. घरांत पेढे वांटावयाचे तेवढे राहिले! आणि त्यानंतर तीन आठवड्यांनीं आम्हींच ते मारले.

झालें तें असें. या शेवाळास चुना बांधण्यासाठीं पाण्यांत तीन गोष्टी पुरेशा हव्यात. एक कॅल्शियम, लिटरास सुमारें ४०० ते ४५० मिलिग्रॅम. दुसरी मॅग्नेशियम, १२५० ते १३५० च्या दरम्यान; तें या शेवाळाच्या थरांत कॅल्शियमबरोबर बसतेंच, शिवाय पाण्यांतला चुना अवेळीं सांकळण्यापासून आवरून धरतें. तिसरी अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचविण्याची शक्ति. ती जर्मन मापानें आठ ते दहा अंश असावी. आमचें मोजमाप सहा अंश निघालें. रविवार होता, हाताशीं सोड्याची पूड होती. चिरंजीव म्हणाले, "काका, थोडी थोडी घालूं या." आम्हीं वडीलपणाच्या तोऱ्यांत सबंध आठवड्याची मात्रा एका दमांत ओतली. दोन मिनिटांत पाणी दुधासारखें झालें. कॅल्शियम आणि सोडा यांचा संयोग होऊन चुना तळाशीं बसला. दुसऱ्या दिवशीं मोजलें तों कॅल्शियमही उतरलेलें आणि अल्कलिनिटीही खालीं. मासे वांचले. ठिपके आठवड्याभरांत पांढरे पडले. दिवसाला एका अंशाहून अधिक चढवूं नये, हा नियम पुस्तकांत आम्हीं वाचलेला होता. पण वाचणें निराळें आणि पाळणें निराळें.

पुढें चिरंजीवांनीं नाना बाटल्या आणल्या. कशावर बीज म्हणून लिहिलेलें, कशावर रंग खुलविणारें औषध म्हणून. बीज एकदां आलेलें होतेंच, तेव्हां त्यांतलें पुष्कळ द्रव्य आमच्या मतें व्यर्थ गेलें. शेवटीं एके संध्याकाळीं थोरल्या वहिनी म्हणाल्या, "भावोजी, विरजण लावल्यावर दर घटकेला कुणी बोट घालून बघतं का? तुम्ही दोघं त्या पाण्याला स्वस्थ बसूंच देत नाहीं." त्या दिवसापासून टांकी त्यांच्याकडे गेली.

वहिनींनीं दुसरें कांहीं केलें नाहीं. रोज तेंच केलें. टांकीचें पाणी दिवसाला दोनएक लिटर उडून जातें. उडतें तें गोडें पाणी, मीठ मागें राहतें. म्हणून भर घालावयाची तीही शुद्ध गोड्या पाण्याची. या भरीपैकीं अर्धा लिटर त्यांनीं चुन्याच्या निवळीचा ठेवला. जर्मनींत पीटर विल्केन्स यांनीं गेल्या शतकाच्या आठव्या दशकांत प्रवाळाच्या टांक्यांसाठीं ही रीत प्रचारांत आणली. लिटरभर शुद्ध पाण्यांत दीड ग्रॅम शुद्ध चुना ढवळावा, झांकून निवूं द्यावा, वरची नितळ निवळी तेवढी घ्यावी. उघडी राहिली तर हवेशीं मिळून तिच्यावर साय धरते व गुण जातो. पानाचा चुना यास चालत नाहीं. त्यांत काय काय मिसळलेलें असेल तें सांगतां येत नाहीं. निवळी फार दाहक असते, मुलांच्या हातीं लागूं देऊं नये. ती रात्रीं थेंबथेंब पडूं द्यावयाची. रात्रीं प्रकाश नसल्यामुळें पाण्यांत कर्बद्विप्राणिद वायु सांचतो व पाणी आम्लाकडे झुकतें. निवळी तो तोल सांवरते आणि कॅल्शियम व अल्कलिनिटी हीं दोन्हीं जोडीनें देते. मॅग्नेशियम मात्र तिच्यांत नाहीं. तें महिन्यानें मोजून वेगळें घालावें लागतें. दर शनिवारीं मोजमाप घेऊन वहिनी पंचांगाच्या समासांत आंकडा लिहीत आणि निवळीचें माप पळी-दोन पळ्या कमीजास्त करीत. जूनपासून अल्कलिनिटी आठ-साडेआठ अंशांच्या बाहेर गेली नाहीं.

माशांचें खाणेंही त्यांनीं निम्म्यावर आणलें. उरलेल्या खाण्यानें पाण्यांत फॉस्फेट वाढतें, आणि फॉस्फेट वाढलें कीं चुना बांधण्याच्या कामांत खोळंबा होतो, हिरवे केंस मात्र माजतात. लिटरास दशांश मिलिग्रॅमच्या आंत तें राहावें. मुंबईच्या उन्हाळ्यांत पाणी तिसाच्या वर जातें, म्हणून तें २५-२६ अंशांवर ठेवणारें थंडाईचें यंत्र घ्यावें लागलें. सर्व खर्चांत हाच खर्च जड गेला.

प्रकाशाविषयीं चिंता करण्याचें फारसें कारण नाहीं. बहामा बेटांपाशीं १९८४ सालीं २६८ मीटर खोलीवर हें शेवाळ जिवंत सांपडलें आहे, तेव्हां त्याची गरज किती थोडी तें दिसतेंच. एकदम प्रखर दिवा लावला तर उलट तें फिकें पडतें. गोगलगायी कोवळें हिरवें शेवाळ खाऊन जागा मोकळी ठेवतात, त्या असाव्यात. समुद्री साळू मात्र या थरालाच खरवडतो व मागें पांढरे पट्टे ठेवतो. तो आमच्याकडे नाहीं.

ऑगस्टांत ठिपके पुन्हा दिसले. या खेपेस कोणी बोललें नाहीं, जणू बोललें तर दृष्ट लागेल! २०२३ च्या दिवाळींत ते रुपयाएवढे झाले, आणि पुढील वर्षीं खडकाची पाठ, पंपाची नळी, गोगलगायींचीं कवचें, सारें जांभळट झालें. आतां उलटीच तक्रार आहे. पुढची कांच आठवड्यास पात्यानें खरवडली नाहीं तर मासे दिसत नाहींत, आणि पंप जड चालूं लागला कीं त्यास तासभर पातळ व्हिनेगरमध्यें बुडवून ठेवावा लागतो. टांकी विकावयास निघालेले चिरंजीव ती खरवड बाटलींत भरून ठेवतात.

वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडकरूंनीं नुकतीच टांकी घेतली असून ते एक बाटली मागत आहेत. वहिनींचें म्हणणें असें कीं आधीं त्यांनीं चार शनिवारचे आंकडे आणून दाखवावेत. त्यांपैकीं दोन आले आहेत. अल्कलिनिटी एकदां सात, एकदां अकरा. बाटली अजून आमच्याच फडताळांत आहे.