खुराड्याचे दार : कोंबडीचे रक्षण आणि बिबट्याशी अंतरही

मुंबई, प्रतिनिधी

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि आरे वसाहतीतील आदिवासी पाड्यांवर कोंबडी ही घराची छोटी ठेव असते. तिची अंडी घरात खाल्ली जातात, अडीनडीला ती विकून चार पैसे हाती येतात आणि देवाच्या मानालाही तीच लागते. मात्र एका रात्रीत खुराडे रिकामे झाले, की ही ठेव बुडते. अशा वेळी भिंत क्वचितच फुटलेली असते. चोरवाट सापडते ती दारापाशी. निसटलेली कडी, उंबरठ्याखालची फट किंवा सैल झालेली जाळी एवढे निमित्त पुरते.

या परिसरात भक्षकांची वाण नाही. मुंगूस आणि घूस जमीन उकरून आत शिरतात. उदमांजर छपरावरून उतरते, नाग आणि धामण अंडी व पिलांच्या शोधात फटीतून सरकतात, तर भटकी कुत्री जाळीच दातांनी फाडतात. या सर्वांच्या वर बिबट्या. उद्यान व परिसरात २०१८ साली झालेल्या कॅमेरा ट्रॅप पाहणीत ४७ बिबट्यांची नोंद झाली होती. त्यामुळे दार बनविताना एकाच शत्रूचा विचार करून भागत नाही. बारीक फटीतून येणारा आणि अंगबळाने येणारा, असे दोघेही डोळ्यांपुढे ठेवावे लागतात.

जाळी कोणती?

बाजारात ‘कोंबडी जाळी’ म्हणून मिळणारी षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवण्यासाठी असते, भक्षकाला बाहेर ठेवण्यासाठी नव्हे. तिची तार पातळ असते आणि पीळ सहज उसवतो. दाराला जस्ताचा मुलामा दिलेली, सांधे वितळवून जोडलेली अर्ध्या इंचाची चौकोनी जाळी बसवावी. ती नुसत्या खिळ्यांनी न ठोकता कडांवर लाकडी पट्टी ठेवून स्क्रूने आवळावी, म्हणजे पंजा घालून उचकटता येत नाही. दार संपूर्ण पत्र्याचे केल्यास हवा कोंडते आणि विष्ठेच्या अमोनियाने कोंबड्या आजारी पडतात. म्हणून खाली फळी किंवा पत्रा आणि वर जाळी, ही रचना सोयीची.

चौकट, उंबरठा आणि कडी

दार बाहेर उघडणारे असावे आणि चौकटीला आतल्या बाजूने चारही कडांवर पट्टी ठोकावी. बाहेरून धडक बसली, की दार या पट्टीवर दाबले जाते आणि बिजागऱ्यांवर ताण येत नाही. शिवाय पट्टीमुळे फटी झाकल्या जातात. दार कालांतराने झुकू नये यासाठी तिरपा टेकू द्यावा. तो बिजागरीकडील खालच्या कोपऱ्यातून कडीकडील वरच्या कोपऱ्याकडे गेला पाहिजे. उलट बसविल्यास तो दाराचे वजन पेलत नाही.

उंबरठा दगडाचा किंवा सिमेंटचा हवा. त्याच्या बाहेर फूटभर रुंदीची जाळी जमिनीत आडवी पुरून ठेवावी. उकरणारा प्राणी दाराच्या अगदी पायाशी सुरुवात करतो आणि या जाळीवर अडतो.

कडी एक पुरत नाही. मधोमध एकच कडी असेल, तर दाराचा खालचा कोपरा ओढल्यावर वाकतो आणि त्रिकोणी फट पडते. म्हणून एक कडी वर, एक खाली. वरून पडणारी साधी खिट्टी कुत्रा नाकाने वा पंजाने उचलू शकतो. त्याऐवजी सरकवून मग वळवावी लागणारी कडी लावावी आणि कोयंड्यात पिन अडकवावी.

पावसाळ्याचा धडा

मुंबईच्या पावसात लाकूड फुगते आणि दार घट्ट बसते. दिवाळीनंतर तेच लाकूड सुकते, आक्रसते आणि बोटभर फट उघडी पडते. त्यामुळे दाराची तपासणी वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, करावी. दार कितीही भक्कम असले तरी तिन्हीसांजेपूर्वी कोंबड्या मोजून कड्या लावल्या नाहीत, तर सारे व्यर्थ. छपरालाही दाराइतकीच मजबुती हवी, हे सांगणे नलगे.

सापळ्यापेक्षा दार बरे

सापळा किंवा विष हा पर्याय नाही. बिबट्या, मुंगूस, नाग या साऱ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. बिबट्या पकडून दूर सोडण्याचा उपायही उलटल्याचा अनुभव आहे. जुन्नर परिसरातील अशा स्थलांतरानंतर माणसांवरील हल्ले वाढल्याचे विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवून दिले. उद्यानालगत २००४ मध्ये हल्ल्यांनी कळस गाठला होता, त्याची आठवण पाड्यांवर अजून ताजी आहे. पुढे २०११ पासून वन विभाग, संशोधक आणि नागरिकांनी ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ या उपक्रमातून बिबट्यासह जगण्याची खबरदारी लोकांपर्यंत नेली.

त्या खबरदारीचे सूत्र साधे आहे : बिबट्याला वस्तीत सहज भक्ष्य मिळू देऊ नये. एकदा उघड्या खुराड्यात शिकार मिळाली, की तो पुन्हा त्याच वाटेने येण्याची शक्यता वाढते आणि त्या वाटेवर अंगणात खेळणारी मुलेही असतात. म्हणूनच दोन कड्या, हातभर जाळी आणि दगडी उंबरठा यांचा खर्च कोंबड्यांपुरता मोजून चालणार नाही.