मनगटावरचं ओझं कमरेवर

वरातीला लॉनच्या गेटपासून स्टेजपर्यंत पोचायला किती वेळ लागतो? चालत गेलं तर पाच मिनिटं. पण संदल वाजायला लागला आणि नवरदेवाचे मित्र रिंगण करून नाचायला लागले, की एक तास कुठे जात नाही. त्या तासभरात एक पोरगा मात्र नाचत नसतो. तो गुडघे वाकवून, बदकासारखा, उलट्या पावली चालत असतो. त्याच्या हातात गिंबल असतो, त्यावर मिररलेस कॅमेरा आणि २४-७० ची लेन्स. सगळं मिळून अडीच-तीन किलो. ऐकायला काहीच नाही ना? एक लिटरच्या तीन भरलेल्या बाटल्या पिशवीत घाला, पिशवी छातीपासून हातभर पुढे धरा आणि दहा मिनिटं उभे राहा. मग बोलू.

वाडीत आणि पुढे आठव्या मैलाकडे जाताना अमरावती रोडवर लॉन आहेत, आणि सीझनमध्ये तिथे रोज कुणीतरी ‘सिनेमॅटिक’ शूट करत असतं. यातल्या काही शूटर्सच्या अंगावर आता एक नवीन प्रकार दिसतोय. छातीवर पट्ट्यांचं जाकीट, कमरेला रुंद बेल्ट, आणि त्यातून निघालेला स्प्रिंगचा दुमडता हात. त्याच्या टोकाला गिंबल. हाच तो सपोर्ट आर्म. लग्नातले काका लोक याला रोबो म्हणतात, लहान पोरं हात लावून बघतात. वापरणारे काय म्हणतात, ते विचारायला मी चार-पाच जणांना गाठलं.

वस्तू नवीन असली तरी कल्पना आपल्या आईवडिलांच्या कॉलेजच्या दिवसांपेक्षाही जुनी आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या गॅरेट ब्राउन या कॅमेरामननं सत्तरच्या दशकात स्टेडिकॅम बनवला. जाकीट, स्प्रिंगचा हात आणि त्यावर तोललेला कॅमेरा. मोटर एकही नाही. त्याच्या चाचणीच्या फिल्ममध्ये त्याची मैत्रीण तिथल्या आर्ट म्युझियमच्या पायऱ्या धावत चढते. ते बघून दिग्दर्शक जॉन ॲव्हिल्डसननं विचारलं, या पायऱ्या कुठल्या? १९७६ च्या ‘रॉकी’त स्टॅलोन धावत चढतो त्या त्याच पायऱ्या. १९७८ मध्ये या यंत्राला ऑस्करही मिळालं. मग २०१३ च्या आसपास मोटरवाले गिंबल आले, स्वस्त झाले, आणि सगळ्यांनी तो हात न् जाकीट बाजूला ठेवून दिलं. आता दहा-बारा वर्षांनी तेच परत आलंय, कारण गिंबलनं कॅमेरा सांभाळला, माणूस नाही सांभाळला.

म्हणजे काय, ते नीट बघू. गिंबलच्या तीन मोटरी कॅमेरा डावी-उजवीकडे वळणं, वर-खाली झुकणं आणि तिरका होणं, हे तीन धक्के खातात. पण चालताना आपलं अख्खं शरीर वर-खाली होतं, ते त्यांच्या हिशेबात नाही. म्हणून ती बदकचाल. ते वर-खाली होणं स्प्रिंगचा हात खातो. अभ्यासाच्या टेबलावरचा दुमडता दिवा आठवा, जो सोडला तिथेच थांबतो, तसंच हे. आणि गिंबलचं वजन मनगटावरून निघून बेल्टमार्गे कमरेच्या हाडावर जातं.

यात जादू काही नाही, हे वाडीकरांना वेगळं सांगायला नको. ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनसमोर पाच मिनिटं उभे राहा. हमाल पोतं कधी हातात पुढे धरून नेताना दिसतो का? पाठीवर घेतो. वजन तेवढंच, पण पाठीवरून पायात उतरतं.

मजा अशी की पहिल्या दिवशी हा आर्म कुणालाच आवडला नाही. उलट जास्त जड वाटला, कारण तीन किलोच्या सामानात आता जाकीट आणि स्प्रिंग यांचीही भर. एकाला वाटलं पैसे वाया गेले. नंतर कळलं की तो खांद्याच्या पट्ट्या आवळत होता आणि कमरेचा बेल्ट ढिला होता, म्हणजे सगळं खांद्यावर लटकत होतं. बेल्ट कमरेच्या हाडावर घट्ट बसल्यावर चित्र बदललं. दोन-तीन ऑर्डरनंतर बहुतेकांचं मत एकच: दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रश धरताना हात थरथरत नाही. मला वाटतं कुठल्याही जाहिरातीपेक्षा ही ओळ भारी आहे.

तक्रारीही भरपूर. लेन्स बदलली की वजन बदलतं, मग स्प्रिंगचा ताण परत जुळवा. वरमाला चालू असताना ते कोण करणार? गर्दीत आर्म कोपरासारखा बाहेर येतो आणि नाचणाऱ्यांना लागतो. नवरीच्या पावलांपासून सुरू होणारा शॉट घ्यायचा, तर आर्म तेवढा खाली जातच नाही. गिंबल सोडवून हातात घ्यावा लागतो. आणि मे महिना! नागपूरचा पारा ४५ च्या घरात असताना शर्टावर फोमचं जाकीट म्हणजे स्वेटरच. दुपारच्या लग्नाला तो गाडीतच राहतो. मुलींची अडचण वेगळीच. छातीवरची पट्टी पुरुषाच्या अंगाच्या मापानं बनवलेली, ती टोचते. कॅमेरा उचलणाऱ्या मुली वाढतायत, पण जाकीट बनवणाऱ्यांपर्यंत ही बातमी पोचलेली दिसत नाही.

आणखी एक गोष्ट सगळ्यांनी सांगितली. आर्म आला म्हणून चालणं सुधारत नाही. स्टेडिकॅम शिकवताना जमिनीवर आखलेल्या सरळ रेषेवर पुन्हा पुन्हा चालायला लावतात. आपल्याकडे हे घराच्या गच्चीवर फरशीच्या रेघेवरून होतं. जे ही मेहनत करतात त्यांचा शॉट पाण्यासारखा वाहतो. बाकीच्यांचा आर्म फक्त भाव खातो.

खरी गोची पैशांची आहे. लग्नाच्या टीममध्ये कँडिड, ट्रॅडिशनल, ड्रोन आणि गिंबल अशी कामं वाटलेली असतात. त्यात गिंबलवाला बहुतेक वेळा सगळ्यात लहान असतो, बऱ्याचदा आपल्यासारखाच कॉलेजचा, दिवसाच्या हिशेबानं आलेला. गिंबल स्टुडिओ मालकाचा. मालकाच्या बाजूनं बघितलं तर आर्म का घ्यायचा? पार्टीला ड्रोन दिसतो, म्हणून ती ड्रोनचे पैसे देते. आर्म व्हिडिओत दिसत नाही. पोरगा दुखऱ्या मनगटानं शूट करतो तेव्हाही फुटेज येतंच, आणि त्याचं मनगट गेलं तर दुसरा पोरगा मिळतो. म्हणजे ज्याला दुखतं त्याच्याकडे पैसे नाहीत, आणि ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला दुखत नाही. स्टेडिकॅमचे मोठे सिनेमावाले संच तर लाखांत जातात, तो विषयच सोडा. साधा आर्मसुद्धा गिंबलवाल्याला स्वतःच्या रोजातून घ्यायचा म्हणजे सीझनची बरीच कमाई त्यात जाते.

मग पोरांनी जुगाड केलाय. तिघांनी वर्गणी काढून एक आर्म घेतला. नियम साधा: ज्याच्याकडे वरात आणि रिसेप्शन दोन्ही, त्याला आर्म. नुसती हळद असेल तर हातानंच. हे ठीक चालतं, पण तुळशीच्या लग्नानंतर दाट मुहूर्ताची तारीख आली की तिघांच्याही वराती एकाच संध्याकाळी निघतात. तेव्हा काय करता, असं विचारलं. आदल्या रात्री चिठ्ठी टाकतात म्हणे.